वन बीएचकेत कोविड: घरी बरं होताना काय, केव्हा आणि किती

ठाणे-नवी मुंबईत कोविडचा रुग्ण घरी सांभाळायचा म्हणजे बहुतेक वेळा वन बीएचके, चार-पाच माणसं, एकच संडास-बाथरूम आणि वर सोसायटीचे नियम, एवढ्यात भागवायचं असतं. सरकारी सूचनांत ‘स्वतंत्र, हवेशीर खोली’ असं सहज लिहिलेलं असतं. ती असेल तर निम्मं काम झालं. नसली तरी सौम्य आजार घरी नीट निभावता येतो, पण दोन बाबतींत हयगय चालत नाही: नोंदवही आणि खिडकी. औषधांचा नंबर त्यानंतर लागतो.

पहिल्या दिवशी डॉक्टरांना फोन कोणी करायचाच

साठीच्या पुढचे, मधुमेह, हृदयविकार, दमा किंवा किडनीचा आजार असलेले, केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि गरोदर स्त्रिया, यांनी ‘दोन दिवस बघू’ म्हणू नये. विषाणूविरोधी गोळ्यांचा उपयोग लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांतच होतो आणि त्या अशाच जोखमीच्या रुग्णांसाठी असतात. फोन करताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी समोर ठेवा, कारण कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करायच्या काही गोळ्यांचं या विषाणूविरोधी गोळ्यांशी जमत नाही. बीपीची किंवा साखरेची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरच्या किटवर चाचणी केली असेल तर निकाल किटवर दिलेल्या वेळेतच वाचा. तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरायची नसते. लक्षणं आहेत आणि किट निगेटिव्ह दाखवतंय, तर आरटी-पीसीआर करून घ्या आणि निकाल येईपर्यंत वेगळेच राहा.

दिवस कुठून मोजायचे

नोंदवहीच्या पहिल्या ओळीत लक्षणं सुरू झाल्याची तारीख लिहा. तो दिवस शून्य, दुसरा दिवस एक. डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि घरात प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो. आज बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो आणि विषय संपतो. ज्यांचा आजार बिघडतो त्यांचा तो बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बिघडतो, म्हणजे नेमका ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये गेलेला असतो तेव्हा. नोंदी दहाव्या दिवसापर्यंत चालू ठेवा.

वेगळं किती दिवस राहायचं याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर तीन-चार आकडे फिरतात आणि त्यातला प्रत्येक कधी ना कधी खरा होता. सतरा दिवस हा २०२० सालचा हिशोब, पुढे दहा झाले, आणि ५ जानेवारी २०२२ च्या केंद्रीय सूचनांनी सौम्य रुग्णासाठी ते सातवर आणले: पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस, शिवाय सलग तीन दिवस ताप नको. पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला ताप यात धरायचा नाही. त्यानंतर दहाव्या दिवसापर्यंत माणसांत मास्क लावावा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी हा काळ मोठा असतो, तो डॉक्टरांनी ठरवावा.

नोंदवही

दुरेघी वहीत रकाने आखा: वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, श्वास, गोळी, लघवी किती वेळा. दर सहा तासांनी एक ओळ. रात्री शांत झोपलेल्या माणसाला मुद्दाम उठवायची गरज नाही, पण जोखमीच्या रुग्णाची एक नोंद पहाटे घ्यावी.

ताप रोज एकाच जागी मोजा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा सुमारे एक अंशाने कमी येतो, त्यामुळे सकाळी काख आणि संध्याकाळी तोंड असं केलं तर ताप नसतानाही चढल्यासारखा दिसतो. चहा प्यायल्यावर वीस मिनिटं थांबून मग तोंडात थर्मामीटर धरा.

ऑक्सिमीटरच्या बाबतीत घाबरवणारे आकडे बरेचदा बोट नीट न लावल्याने येतात. पद्धत अशी:

१. पाच मिनिटं स्वस्थ बसा. जिना चढून किंवा अंघोळ करून आल्या आल्या मोजू नका.
२. नेलपॉलिश काढा. नखावर गडद मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट निवडा.
३. हात गार असतील तर चोळून गरम करा. पंख्याखाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे आकडे यामुळेच खाली येतात.
४. तर्जनी किंवा मधलं बोट पूर्ण आत घाला, हात छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा, बोलू नका.
५. एक मिनिट जाऊ द्या. पाच सेकंद स्थिर राहिलेला सर्वांत मोठा आकडा लिहा.

पडद्यावर दोन आकडे असतात. एक ऑक्सिजनचा, दुसरा नाडीचा. घाईत नाडीचा ८८ हा ऑक्सिजन समजून रात्री दोन वाजता नातेवाइकांना फोन लावणारी घरं कमी नाहीत. यंत्राबद्दल शंका असेल तर आधी घरातल्या ठणठणीत माणसाच्या बोटावर लावून बघा.

श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका. सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी बघतोय असं दाखवा आणि छाती-पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास ही धोक्याची खूण आहे.

बसून आकडा ९४ किंवा वर असेल आणि धाप नसेल, तर दिवसातून दोनदा चालण्याची चाचणी करावी. बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातल्या घरात नेहमीच्या वेगाने सहा मिनिटं चाला. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरेत. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा सुरुवातीपेक्षा तीनहून अधिक अंकांनी उतरला, तर बसून बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना कळवायचं. फुप्फुसाची अडचण कधी कधी आरामात दिसतच नाही, चालल्यावर उघडी पडते. रुग्ण एकटा असताना मात्र ही चाचणी नको, आणि मुळातच धाप लागत असेल तर अजिबात नको.

खोली, खिडकी आणि डक्ट

कोविड मुख्यतः हवेतून पसरतो. बाजारातून आणलेला नारळ साबणाने धुणाऱ्या घरातच बेडरूमच्या खिडक्या मात्र डासांमुळे बंद असतात, हे नेहमीचं चित्र. खिडकीला जाळी बसवा, रात्री मच्छरदाणी लावा, पण खिडकी उघडी राहू द्या.

वन बीएचके असेल तर बेडरूम रुग्णाला आणि बाकी सगळे हॉलमध्ये. रुग्णाच्या खोलीतली हवा बाहेर पडली पाहिजे, हॉलमध्ये येता कामा नये. टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून, काचेपासून हातभर अंतरावर ठेवा, म्हणजे तो आतली हवा बाहेर ढकलतो. हॉलची खिडकीही उघडी ठेवा. दाराखालच्या फटीत जुना टॉवेल सारा. फॅन चालू करून दाराच्या फटीशी उदबत्ती धरा: धूर खोलीच्या आत ओढला जात असेल तर मांडणी बरोबर, हॉलकडे येत असेल तर फॅनची जागा बदला. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. उकाडा असह्य झाला तर एसी लावा, पण खिडकी चार बोटं उघडी ठेवूनच. बिल वाढेल, तेवढं सोसावं.

वन आरकेमध्ये वेगळी खोलीच नाही. तिथे रुग्णाचा बिछाना खिडकीला लावा, बाकीच्यांची डोकी उलट दिशेला ठेवा, आणि जेवणाव्यतिरिक्त सगळ्यांनी एन-९५ लावा. रुग्ण जेवत असताना इतरांनी गॅलरीत किंवा बाहेरच्या पॅसेजमध्ये मास्क लावून जावं. झडप असलेला मास्क रुग्णाला देऊ नका, त्यातून उच्छ्वास गाळला न जाता बाहेर येतो. एन-९५ नाकावर दाबून बसवल्यावर कडेने हवा लागत असेल तर तो मापाचा नाही.

आजीला डोंबिवलीला आत्याकडे पाठवून द्यायचा विचार घरोघरी होतो. पण रुग्णाला ताप यायच्या आधीचे दोन दिवस आजी त्याच्याच बरोबर जेवत होती, तेव्हा ती संसर्ग घेऊन जाण्याची शक्यता चांगलीच आहे. ती इथेच वेगळी राहिलेली बरी.

संडास-बाथरूम एकच असेल तर रुग्णाने शक्यतो सगळ्यांचं आटोपल्यावर जावं, मास्क लावून. झाकण बंद करून फ्लश करायचा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवायचा, आणि पुढच्या माणसाने अर्धा तास थांबायचं. ज्या सोसायटीत पाणी ठरावीक वेळेलाच येतं तिथे हे वेळापत्रक कोलमडतं, म्हणून रुग्णासाठी बादली-पिंप आधीच भरून ठेवा. ब्रश, टूथपेस्ट, टॉवेल वेगळे.

एक बारीक गोष्ट प्लंबरला माहीत असते, बाकीच्यांना सहसा नाही. बाथरूमच्या जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठून राहतं आणि खालच्या पाइपमधली हवा वर येऊ देत नाही. बरेच दिवस न वापरलेल्या ड्राय बाल्कनीतला किंवा दुसऱ्या बाथरूममधला ट्रॅप सुकतो आणि एक्झॉस्ट लावला की पाइपमधली हवा घरात ओढली जाते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतसमूहात सार्स (कोविडच्याच कुळातला श्वसनाचा आजार) पसरला, तेव्हा तपासात अशाच सुकलेल्या ट्रॅपकडे बोट गेलं होतं. आठवड्यातून दोनदा प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओता. ज्यांचं बाथरूम सामाईक डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीकडे उघडतं, त्यांनी हे नक्की करावं, आणि शेजारी रुग्ण असेल तर डक्टकडची आपली खिडकी तेवढे दिवस बंद ठेवावी.

गोळ्या, वाफ, काढा

ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहूनही कमी. घोळ होतो तो सर्दीच्या गोळीमुळे. दुकानातून आणलेल्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे नकळत डोस दुप्पट. पाकिटामागचे घटक वाचा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची अर्धी गोळी मोडून देऊ नका, आणि ॲस्पिरिन तर मुलांना नकोच.

स्टेरॉइडबद्दल स्पष्टच सांगायला हवं. ज्याचा ऑक्सिजन व्यवस्थित आहे त्याला त्याचा फायदा नाही, नुकसान होऊ शकतं. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण त्यानेच वाचतात, म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी आपल्यालाही लागू पडेल असं वाटतं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे जे रुग्ण आले, त्यांत वाढलेली साखर आणि स्टेरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली. साध्या कोविडला अँटिबायोटिकही लागत नाही.

वाफेने नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही. पातेल्यात उकळतं पाणी, डोक्यावर टॉवेल आणि शेजारी लहान मूल ही भाजण्याची पूर्वतयारी आहे. त्यापेक्षा मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या बऱ्या. काढा दिवसातून एकदा, अर्धा कप. मिरी-सुंठ-दालचिनी दिवसात चारदा प्यायली की तोंड येतं, पित्त होतं, आणि मग ‘कोविडमुळे छातीत जळजळतंय’ असा फोन जातो. बीपी असलेल्यांनी ज्येष्ठमध टाळावा, त्याने रक्तदाब वाढतो.

पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर. हृदय किंवा किडनीच्या रुग्णांनी आपल्या ठरलेल्या मर्यादेत. जुलाब असतील तर ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या.

जेवणाचे हाल चवीमुळे होतात. पहिले दोन दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, पेज चालेल, पण आठवडाभर नुसत्या पेजेवर ठेवलेला माणूस अशक्त होणारच. वजनाच्या दर किलोला रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत साधारण तेवढीच, शंभर ग्रॅम पनीर किंवा बांगड्यात अठराच्या आसपास. मटकीचं कढण, पिठलं, ताक हेही हिशोबात धरा. किडनीचा त्रास असलेल्यांनी विचारून. मधुमेह असेल तर साखर रोज उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजा. तापात ती वाढते.

साफसफाईला फार वेळ घालवू नका. भांडी नेहमीच्या साबणाने, कपडे नेहमीच्या पावडरने. फरशी-नळ पुसायला ब्लीच वापरणार असाल तर ते टॉयलेटच्या ॲसिडमध्ये कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. वापरलेले मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवा, मग कचऱ्यात टाका.

सोसायटी, गेट, लिफ्ट

राज्यातले कोविडचे निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये पाचपेक्षा जास्त रुग्ण असलेली सोसायटी ‘सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र’ धरली जात होती, गेटवर फलक लागायचा आणि नियम मोडल्यास सोसायटीला दहा हजारांचा दंड होता. काही कमिट्यांच्या डोक्यात ते कलम अजून जिवंत आहे. रुग्ण निघाला की मोलकरणींना बंदी, लिफ्ट बंद, असे फतवे निघतात. वाद घालण्याआधी एवढंच विचारा: महापालिकेचा आजच्या तारखेचा लेखी आदेश आहे का? असेल तर मुकाट्याने पाळा. नसेल तर ती कमिटीची विनंती आहे, आणि त्यातली रास्त मागणी मान्य करायला हरकत नाही. बाहेरून दाराला कुलूप लावणं किंवा पाणी तोडणं याचा अधिकार कमिटीला नाही.

सेक्रेटरीला आपण होऊन कळवलेलं बरं, पण फोनवर. ग्रुपवर फ्लॅट नंबरासकट नाव टाकू नये. कळवताना मागणीही सांगा: पार्सल गेटवरून वॉचमनने दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवावं, कचरा सकाळी एकदा पॅसेजमधून उचलावा. दुधाची पिशवी दाराला टांगलेल्या थैलीत. घरकामाच्या बाईंना सात दिवस पगारी सुट्टी द्या. त्या दिवसाला चार घरं करतात, आणि पगार कापला जाईल या भीतीने त्या येत राहिल्या तर साथ आपणच इमारतभर पोचवतो. तपासणीला बाहेर पडावंच लागलं तर लिफ्टमध्ये रुग्ण एकटा, एन-९५ लावून, लिफ्टचा पंखा चालू.

रात्रीची तयारी दुपारी

दवाखान्यात कधी न्यायचं ते वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा: तासाभरात तीनदा मोजूनही ऑक्सिजन ९३ किंवा खाली, मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास, छातीत सतत दुखणं किंवा दडपण, बोलण्यात असंबद्धपणा किंवा जागं करूनही न उठणं, ओठ निळसर, तीन दिवसांनंतरही शंभर फॅरेनहाइटवर ताप.

१०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे. पण ती कुठे न्यायची हे आधी ठरलेलं असावं. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, किंवा तुमच्या विम्यात बसणारं जवळचं खासगी. दुपारीच फोन करून बेडची चौकशी करा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी संध्याकाळची माजिवड्यापर्यंतची कोंडी हिशोबात धरून निर्णय लवकर घ्यावा: संध्याकाळी पाचला ९४ आणि दुपारी ९६ असेल, तर नऊ वाजण्याची वाट बघू नये. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नसते, जुन्या ठाण्यातल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. हातांची मजबूत खुर्ची आणि ती उतरवायला दोन धडधाकट माणसं, त्यांच्यासाठी एन-९५, एवढं ठरवून ठेवा. थैलीत आधार कार्ड, रिपोर्ट, नोंदवही, चालू गोळ्या, चार्जर.

रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला पालथं झोपवल्याने ऑक्सिजन बरेचदा दोन-तीन अंकांनी वर येतो. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवल्यावर तासभर नको. गरोदरपणात, मणक्याच्या किंवा मांडीच्या हाडाच्या दुखापतीत आणि गंभीर हृदयविकारात नको.

सात दिवसांनंतर

पुन्हा आरटी-पीसीआर करू नका. मेलेल्या विषाणूचे अंश नाकात काही आठवडे सापडू शकतात आणि संसर्ग संपलेला माणूस कागदावर पॉझिटिव्ह राहतो. ऑफिसने निगेटिव्ह रिपोर्ट मागितला तर डॉक्टरांचं कामावर रुजू होण्याचं पत्र द्या; त्यात लक्षणांची तारीख आणि ताप थांबल्याची तारीख असावी.

थकवा फसवा असतो. आज तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या, छान वाटलं, आणि उद्या-परवा अंथरुणातून उठवत नाही, असा तो उशिरा वसुली करतो. त्यामुळे चालणं ‘आज कसं वाटलं’ यावर न वाढवता दोन दिवसांनी कसं वाटतंय यावर वाढवा. पहिला आठवडा सपाटीवर दहा मिनिटं, चालता चालता सलग वाक्य बोलता येईल एवढ्या वेगाने. मग दर दोन-तीन दिवसांनी पाच-पाच मिनिटं वाढ. उपवन किंवा वाशीचं मिनी सीशोअर यासाठी चांगलं. येऊरचा आणि पारसिकचा चढ, जिम, क्रिकेट हे सगळी लक्षणं जाऊन आठवडा झाल्यावरच.

लोकलचं गणित वेगळं. ठाणे स्टेशनचा पूल चढणं, गर्दीत पाऊण तास उभं राहणं हा पहिल्या आठवड्यातला व्यायाम नव्हे. जमलं तर गर्दी ओसरल्यावरची गाडी घ्या, ठाण्याहून सुटणारी स्लो किंवा ट्रान्स-हार्बर पकडा म्हणजे बसायला मिळेल, पुलावर सरकता जिना किंवा लिफ्ट वापरा, डब्यात मास्क ठेवा. पहिले तीन-चार दिवस अर्धा वेळ किंवा एक दिवसाआड जाता आलं तर उत्तम.

वास गेला असेल तर लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी तेल चार डब्यांत ठेवा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा वीस सेकंद हलका वास घ्या, तो वास आठवत. निदान तीन महिने चिकाटी लागते. तोपर्यंत गॅसची गळती तुम्हाला कळणार नाही. रात्री पाइप गॅसचा किंवा सिलिंडरचा कॉक बंद करण्याचं काम घरातल्या वास येणाऱ्या माणसाकडे द्या, आणि उरलेलं दूध-आमटी फ्रिजमधून काढताना चाखून न बघता त्यालाच विचारा.

चार आठवड्यांनंतरही जिन्यात धाप लागत असेल, उभं राहिल्यावर धडधडत असेल किंवा काम करताना डोकं चालत नसेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक छातीत कळ किंवा गेलेला ताप परत येणं, यासाठी मात्र चार आठवडे काय, चार तासही थांबायचं नाही.